वारंवारतेवरून लांबी काढताना उत्तर ठरावीक पटीनेच का चुकतं?

हर्ट्झमध्ये वारंवारता दिलेली असते, नॅनोमीटर किंवा फर्मीमध्ये (१०^-१५ मीटर) लांबी काढायची असते. सूत्र पाठ, गणित एका ओळीचं, आणि उत्तर मात्र पुस्तकाच्या मागच्या पानाशी जुळत नाही. क्वांटमचं युनिट सुरू झालं की ही तक्रार हमखास येते, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षातल्यांकडून येते, तशीच सेट-नेटची तयारी करणाऱ्यांकडूनही. आमच्या तालुक्याच्या कॉलेजात ती साधारण अशा शब्दांत येते: "सर, सगळं बराबर मांडलं, तरी उत्तर सहापट काहून येऊन राह्यलं?"

विचारणाऱ्याने अर्धं निदान स्वतःच केलेलं असतं, त्याच्या लक्षात आलेलं नसतं इतकंच. बेरीज-वजाबाकीत हात चुकला तर उत्तर कसंही येतं: १.३ पट, ०.०७ पट, काहीही. एकक बदलतानाच्या बहुतेक चुकांचा आकडा मात्र ठरलेला असतो. म्हणून उत्तर जुळलं नाही तर पान फाडू नका, पहिल्यापासून सोडवतही बसू नका. आपलं उत्तर भागिले छापील उत्तर, एवढा एक भागाकार करा आणि तीन-चार अंकांपर्यंत लिहून ठेवा. ६.२८ आलं तर दोष एका ठिकाणी, १० आलं तर दुसऱ्या, १३७ किंवा १७२२ आलं तर तिसऱ्या.

आधी ओळखीच्या जोड्या तपासा

आपल्या भागातली सगळ्यात जुनी जोडी रेडिओची. आकाशवाणीचं नागपूर केंद्र मध्यम लहरींवर ५८५ किलोहर्ट्झला लागतं. प्रकाशवेग २९,९७,९२,४५८ मीटर प्रति सेकंद; त्याला ५,८५,००० ने भागलं की ५१२ मीटर आणि वर थोडं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, रेडिओवर सभा सुरू होताना निवेदक मीटर आणि किलोहर्ट्झ दोन्ही सांगायचे. म्हणजे आज आपण ज्यावर डोकं फोडतोय ते रूपांतर कापूस वेचून आलेल्या माणसालाही रोज ऐकू यायचं.

दुसरी जोडी हिरव्या प्रकाशाची: ५५० नॅनोमीटर, ५४५ टेराहर्ट्झ, २.२५ इलेक्ट्रॉनव्होल्ट (ईव्ही). तिसरी हायड्रोजनच्या रेडिओ रेषेची: १४२०.४ मेगाहर्ट्झ, २१.१ सेंटीमीटर. तुमच्या पद्धतीने या तिन्ही जोड्या निघत असतील तर प्रकाशाचं सूत्र ठीक आहे, दोष पुढे कुठेतरी आहे. निघत नसतील तर आधी कॅल्क्युलेटरकडे बघा.

भागाकार १०, १०० किंवा भलताच आला तर

आमच्याकडे दर दुसऱ्या पोराच्या हातात एफएक्स-८२ एमएस कॅल्क्युलेटर असतो, मोठ्या भावाकडून आलेला, आकडे पुसट झालेला. त्यावर 'ईएक्सपी' नावाची कळ आहे. तिचा अर्थच 'गुणिले दहाचा घात' असा आहे. पोरं ६.६२६ दाबतात, मग गुणिले, मग १०, मग ईएक्सपी, मग उणे ३४. झालं, प्लँकचा स्थिरांक दसपट मोठा झाला. प्रकाशवेगही तसाच भरला तर शंभरपट. भागाकार नेमका १० किंवा १०० आला तर आधी हेच तपासा. ६.६२६, ईएक्सपी, उणे ३४; मध्ये गुणिलेही नाही आणि १० पण नाही.

हीच चूक छेदात झाली तर फार वाईट. 'भागिले १.६ गुणिले १० ईएक्सपी उणे १९' असं दाबलं की यंत्र १.६ ने भागतं आणि पुढच्या संख्येने गुणतं. जिथे दहाच्या एकोणिसाव्या घाताने वर जायचं तिथे अठरा घात खाली येतो. एकूण ३७ शून्यांचा फरक. एवढा मोठा आकडा बघून पोरं घाबरतात आणि सूत्रावर संशय घेतात. सूत्राचा काही दोष नसतो, छेदाला कंस नसतो.

'मॅथ एरर' हा प्रकार वेगळा, आणि त्याचं कारण फारसं कुणी सांगत नाही. या कॅल्क्युलेटरला १०^-९९ पेक्षा लहान संख्या धरता येत नाही. तो तिला सरळ शून्य मानतो. हायड्रोजनच्या वर्णपटरेषा ज्यावरून निघतात त्या रिडबर्ग स्थिरांकाच्या नेहमीच्या सूत्रात छेदात प्लँकच्या स्थिरांकाचा घन आहे. तो घन होतो २.९ × १०^-१००. म्हणजे शून्य. अंशात इलेक्ट्रॉनचं वस्तुमान गुणिले प्रभाराचा चौथा घात, तो १०^-१०५ च्या आसपास. तोही शून्य. शून्य भागिले शून्य, आणि पडद्यावर एरर. पोराने सगळं बरोबर दाबलेलं असतं! उपाय असा की दहाचे घात कागदावर वेगळे जमवायचे आणि कॅल्क्युलेटरला फक्त ६.६२६, ९.१०९, १.६०२ असे आकडे द्यायचे. हीच पद्धत आमच्या आधीचे लोक लॉग टेबलवर वापरायचे.

मी तर म्हणतो, मूळ स्थिरांक भरूच नका. तयार गुणाकार पाठ करा. प्लँक स्थिरांक गुणिले प्रकाशवेग म्हणजे १२३९.८४ ईव्ही-नॅनोमीटर. एच-बार (प्लँक स्थिरांक भागिले टू पाय) गुणिले प्रकाशवेग म्हणजे १९७.३२७ एमईव्ही-फर्मी; एमईव्ही म्हणजे दहा लाख ईव्ही. एक ईव्ही म्हणजे २४१.८ टेराहर्ट्झ, म्हणजेच ८०६५.५ प्रति सेंटीमीटर (ही तरंगसंख्या, एका सेंटीमीटरमध्ये किती लहरी). एक प्रति सेंटीमीटर म्हणजे २९.९८ गिगाहर्ट्झ. २० मे २०१९ पासून प्लँकचा स्थिरांक आणि इलेक्ट्रॉनचा प्रभार यांची मूल्यं व्याख्येनेच पक्की केलेली आहेत, प्रकाशवेग तर १९८३ पासून पक्का आहे. त्यामुळे हे आकडे आता पुढच्या आवृत्तीत बदलत नाहीत. एकदा पाठ झाले की झाले.

भागाकार १०० येण्याचं आणखी एक कारण म्हणजे तरंगसंख्या. वर्णपटवाले ती प्रति सेंटीमीटरमध्ये लिहितात, सूत्र मात्र मीटरमध्ये असतं. रिडबर्ग १०९७३७ असाही दिसतो आणि १.०९७३७ × १०^७ असाही. आधी एकक वाचा.

भागाकार ६.२८: टू पायचा घोळ

सगळ्यात जास्त पोरं इथे अडतात, आणि कारणही तसंच आहे. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती आवर्तनं. रेडियन प्रति सेकंद म्हणजे सेकंदाला किती कोन. एका आवर्तनात टू पाय रेडियन, म्हणजे ६.२८३२. पण रेडियनला परिमाण नाही. परिमाणांनी तपासायला गेलात तर दोन्ही 'प्रति सेकंद'च दिसतात. चूक पकडायचं जे आपलं हक्काचं हत्यार आहे, ते नेमकं या जागी बोथट होतं.

दुसऱ्या टोकाला, लांबीच्या बाजूलाही तसंच जोडपं आहे: पूर्ण तरंगलांबी, आणि तिला टू पायने भागून येणारी लांबी. पोरांना मी बंडीचं चाक दाखवतो. चाकाच्या लोखंडी धावेची लांबी आणि मधल्या तुंब्याच्या केंद्रापासून धावेपर्यंतचं अंतर या दोन्ही एकाच चाकाच्या लांब्या आहेत, दोन्ही फुटांतच मोजतात, आणि एक दुसरीच्या ६.२८ पट आहे. लोहाराला धावेचं माप लागतं, सुताराला आऱ्याचं. पूर्ण तरंगलांबी म्हणजे धाव. टू पायने भागलेली म्हणजे आरा.

आता नियम. साधी वारंवारता असेल तर तिच्या जोडीला प्लँकचा मूळ स्थिरांक आणि पूर्ण तरंगलांबी. कोनीय (रेडियन प्रति सेकंदातली) वारंवारता असेल तर तिच्या जोडीला एच-बार आणि टू पायने भागलेली लांबी. एका रांगेतला माणूस दुसऱ्या रांगेत गेला की ६.२८ आलाच. "मंग टू पाय कुठं टाकाचा?" असं विचारतात. कुठंच टाकायचा नाही. एकाच रांगेत राहिलं तर तो लागतच नाही; रांग बदलताना एकदाच लागतो.

इलेक्ट्रॉनची कॉम्प्टन तरंगलांबी घ्या. इलेक्ट्रॉनची स्थिर ऊर्जा ०.५११ एमईव्ही. साधी वारंवारता काढली तर १.२३५६ × १०^२० हर्ट्झ. प्रकाशवेगाला तिने भागलं की २.४२६ × १०^-१२ मीटर. १९२३ मध्ये कॉम्प्टनने क्ष-किरण विखुरताना तरंगलांबीत जो बदल मोजला त्याच्या सूत्रात हीच लांबी येते. पण कणभौतिकीचं पुस्तक उघडा, तिथे इलेक्ट्रॉनची कॉम्प्टन लांबी ३८६ फर्मी लिहिलेली सापडेल, म्हणजे ३.८६ × १०^-१३ मीटर. भागाकार ६.२८. दोन्ही पुस्तकं बरोबर. पहिल्याने धाव दिली, दुसऱ्याने आरा.

अणुकेंद्रकाच्या गणितात जवळजवळ सगळीकडे आराच वापरतात. पायॉन म्हणजे केंद्रकीय बल वाहणारा कण. त्याची स्थिर ऊर्जा १३९.६ एमईव्ही; १९७.३ ला तिने भागलं की १.४१ फर्मी, म्हणजे केंद्रकीय बलाचा पल्ला. युकावाने १९३५ मध्ये याच नात्याचा उलटा उपयोग केला, पल्ल्यावरून कणाचं वस्तुमान सुचवलं. इथे कुणी १९७.३ च्या जागी १२३९.८ घेतलं तर पल्ला जवळजवळ ९ फर्मी येतो, शिशाच्या केंद्रकाच्या त्रिज्येपेक्षाही मोठा. भागाकार केला नसला तरी हे उत्तर खटकायलाच हवं.

६.२८ नेहमी उघड चेहऱ्याने येत नाही. सूत्रात एच-बारचा वर्ग असेल, जसा बोर त्रिज्येत (हायड्रोजन अणूच्या त्रिज्येत) असतो, तर तो ३९.५ म्हणून येतो. वर्गमूळ असेल तर २.५१ म्हणून. प्लँक लांबी (एच-बार, गुरुत्वस्थिरांक आणि प्रकाशवेग जोडून येणारी) हे त्याचं ठरलेलं उदाहरण: एच-बार घेऊन १.६१६ × १०^-३५ मीटर येते. मूळ स्थिरांक घेतला तर ४.०५ × १०^-३५. भागाकार २.५०७, म्हणजे टू पायचं वर्गमूळ. प्लँक वारंवारतेच्या बाबतीत तर आणखी सांभाळावं लागतं. प्लँक कालाचा (प्लँक लांबी कापायला प्रकाशाला लागणाऱ्या वेळेचा) व्यस्त घेतला की १.८५५ × १०^४३ येतात, ते रेडियन प्रति सेकंद. काही ठिकाणी त्यालाच बिनधास्त हर्ट्झ लिहून मोकळे होतात. प्रश्न सोडवताना त्या आकड्याला प्रकाशवेगाने भागून-उलटून प्लँक लांबी येते का बघा. येत असेल तर तो कोनीय आहे, मग त्यापुढे काहीही छापलेलं असो.

भागाकार ऊर्जेनुसार बदलतोय

हा दोष ओळखायला भागाकार दोनदा करावा लागतो. प्रश्न असा असतो: ५४ ईव्ही ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनची तरंगलांबी काढा. पोरगं ऊर्जेवरून वारंवारता काढतं, वारंवारतेने प्रकाशवेगाला भागतं, आणि २२.९६ नॅनोमीटर लिहितं. छापील उत्तर ०.१६७ नॅनोमीटर. भागाकार १३७.६.

इथे हुशार पोरं फसतात. १३७ दिसला की त्यांना सूक्ष्म-रचना स्थिरांक (जवळपास १/१३७) आठवतो आणि ती भलत्याच वाटेला लागतात. तोच प्रश्न १०० ईव्हीसाठी सोडवा: चुकीच्या वाटेने १२.४ नॅनोमीटर, बरोबर वाटेने ०.१२२६. भागाकार १०१. म्हणजे १३७.६ हा ठरलेला आकडा नव्हता. तो इलेक्ट्रॉनच्या स्थिर ऊर्जेच्या दुपटीला दिलेल्या ऊर्जेने भागून घेतलेलं वर्गमूळ आहे, आणि ऊर्जा बदलली की तो बदलतो. ५४ ला तो १३७ च्या जवळ का गेला, यालाही कारण आहे: ५४.४ ईव्ही म्हणजे हायड्रोजनमधून इलेक्ट्रॉन सोडवायला लागणाऱ्या १३.६ ईव्हीची नेमकी चौपट, आणि चौपटीला हे वर्गमूळ बरोबर १३७.०४ येतं. डेव्हिसन आणि गर्मर यांनी १९२७ मध्ये निकेलच्या स्फटिकावर ५४ ईव्हीचेच इलेक्ट्रॉन सोडले होते, म्हणून हा आकडा प्रत्येक पुस्तकात आहे आणि हा गोंधळही.

मूळ दोष सरळ आहे. ऊर्जा भागिले प्लँक स्थिरांक म्हणजे वारंवारता हे प्रकाशाला लागू आणि इलेक्ट्रॉनलाही. तरंगलांबी म्हणजे प्लँक स्थिरांक भागिले संवेग, हेही दोघांना लागू. द ब्रॉग्लीने १९२४ मध्ये हेच मांडलं. पण 'प्रकाशवेग भागिले वारंवारता' फक्त ज्याला वस्तुमान नाही त्याला लागू. इलेक्ट्रॉनसाठी आधी संवेग काढा, मग लांबी. घाईचं सूत्र हवं असेल तर १.२२६ ला ईव्हीमधल्या ऊर्जेच्या वर्गमूळाने भागा, उत्तर नॅनोमीटरमध्ये. हजारो ईव्हीच्या वर मात्र सापेक्षतेची दुरुस्ती हळूहळू दिसायला लागते, तिथे हे घाईचं सूत्र सोडा.

भागाकार १७२२

हा क्वचित भेटतो, पण भेटला की पोरांना फार छळतो. रिडबर्ग वारंवारता ३.२९ × १०^१५ हर्ट्झ. ती हायड्रोजन अणूची स्वतःची वारंवारता, मग तिच्यावरून अणूचा आकार निघायला हवा, असा विचार. प्रकाशवेगाला भागलं की ९१.१ नॅनोमीटर. बोर त्रिज्या ०.०५२९. म्हणजे १७२२ पट.

रूपांतर बरोबर आहे. ९१.१ नॅनोमीटर ही अणूतून इलेक्ट्रॉन पूर्ण सुटायला लागणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी आहे, लायमन मालिकेची शेवटची सीमा. अणू जो प्रकाश सोडतो किंवा गिळतो त्याची लहर अणूपेक्षा कितीतरी लांब असते. किती लांब, ते १३७ च्या पायऱ्या सांगतात, आणि त्या पाठ ठेवाव्यात इतक्या कामाच्या आहेत. इलेक्ट्रॉनची अभिजात त्रिज्या २.८१८ फर्मी. तिला १३७.०३६ ने गुणा, ३८६ फर्मी, वरचीच कॉम्प्टन लांबी, आरावाली. पुन्हा गुणा, ५२,९१८ फर्मी, म्हणजे बोर त्रिज्या. पुन्हा गुणा, ७.२५ नॅनोमीटर. आणि याला ४ पायने गुणलं की ९१.१. चार पायमधले दोन पाय धाव-आऱ्याचे, आणि उरलेली दुप्पट १३.६ च्या सूत्रातल्या 'एक द्वितीयांश'ची.

म्हणून भागाकार १३७.०४ च्या अगदी जवळ असेल आणि ऊर्जा बदलूनही हलत नसेल, तर तुम्ही एक पायरी वर किंवा खाली उभे आहात. १८,७७९ आला तर दोन पायऱ्या. कोणती लांबी विचारली आहे ते पुन्हा वाचा. 'क्वांटम लांबी' एवढंच लिहिलं असेल तर प्रश्नच अर्धवट आहे, तुमचा दोष नाही.

उत्तर लाखो पट: फरकाचं रूपांतर

हे प्रात्यक्षिकाच्या वहीत सापडतं. सोडियमच्या दिव्याच्या दोन पिवळ्या रेषा, ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर. त्यांच्या वारंवारतांतला फरक ०.५१६ टेराहर्ट्झ. त्यावरून तरंगलांबीतला फरक काढा, असं सांगितलं की अर्धा वर्ग प्रकाशवेगाला ०.५१६ टेराहर्ट्झने भागतो आणि ०.५८ मिलिमीटर लिहितो. ज्या दोन रेषा ग्रेटिंगमधून जेमतेम वेगळ्या दिसतात, त्यांच्यात अर्ध्या मिलिमीटरचा फरक! खरा फरक ०.५९७ नॅनोमीटर. भागाकार जवळपास पावणेदहा लाख.

वारंवारता आणि तरंगलांबी एकमेकांच्या व्यस्त आहेत. व्यस्त राशींच्या फरकाला तेच सूत्र लागत नाही. एक तर दोन्ही वारंवारतांच्या दोन तरंगलांब्या काढा आणि मग वजाबाकी करा, किंवा वारंवारतेतल्या फरकाला तरंगलांबीच्या वर्गाने गुणून प्रकाशवेगाने भागा. भागाकाराचा आकडा कुठून आला तेही बघता येतं: ५८९.३ भागिले ०.५९७ म्हणजे ९८७, त्याचा वर्ग पावणेदहा लाखांच्या घरात. तुमच्या चुकलेल्या उत्तराचा भागाकार असा वर्ग निघाला तर दोष हाच.

एक गंमत मात्र सांगायला हवी. ते ०.५८ मिलिमीटर निव्वळ कचरा नाही. दोन रेषांच्या लहरी एका ठिकाणी पावलाला पाऊल जुळवून निघाल्या, तर ०.५८ मिलिमीटर गेल्यावर एक लहर दुसरीपेक्षा बरोबर एक आवर्तन पुढे गेलेली असते आणि पावलं पुन्हा जुळतात. एम.एस्सी.ला नागपूर-अमरावतीला गेलात की मायकेलसनचं व्यतिकरणमापक हाताला लागेल. त्याचा आरसा सरकवताना पट्टे स्पष्ट होतात, पुसट होतात, पुन्हा स्पष्ट होतात. एका स्पष्ट जागेपासून दुसरीपर्यंत आरसा ०.२९ मिलिमीटर सरकतो, कारण प्रकाश जातो आणि परत येतो. तिथून उलट गणित करून ०.५९७ काढतात. मध्येच लाइन गेली तर आरसा आहे तिथेच सोडा, मायक्रोमीटरला हात लावू नका; दिवा पुन्हा पेटल्यावर काही मिनिटं गुलाबीच असतो, नीट पिवळा झाल्याशिवाय वाचन घेऊ नका.

रामन वर्णपटातही, म्हणजे पदार्थावर विखुरताना प्रकाशाची ऊर्जा किती बदलली ते मोजताना, हाच घोळ होतो. विस्थापन प्रति सेंटीमीटरमध्ये देतात, हिऱ्याचं १३३२. पोरं एक कोटीला १३३२ ने भागून ७५०८ नॅनोमीटर सांगतात. हिरव्या लेझरने हिरा उजळला तर प्रकाश इतका अवरक्तात कसा जाईल? ५३२ नॅनोमीटरचे आधी १८,७९७ प्रति सेंटीमीटर करा, त्यातून १३३२ वजा करा, उरलेल्या १७,४६५ चे पुन्हा नॅनोमीटर: ५७२.६. हिरव्याच्या जागी पिवळसर प्रकाश. हे पटतं.

भागाकार १.०००२८

एवढ्या बारीक फरकाला बहुतेक जण 'राउंडिंग' म्हणून सोडून देतात. पण ५८८.९९५ नॅनोमीटरवरून वारंवारता काढली तर ५०८.९९० टेराहर्ट्झ येते, आणि तक्त्यात ५०८.८४९ असते. तक्ता बरोबर आहे. ५८८.९९५ ही हवेतली तरंगलांबी आहे, निर्वातातली ५८९.१५८. वारंवारता हवेत बदलत नाही, लांबी बदलते. दृश्य प्रकाशाच्या तरंगलांब्या जुन्या वर्णपट तक्त्यांत हवेतल्याच असतात, तेव्हा आधी निर्वातातली करून घ्या. हा ०.१६३ नॅनोमीटरचा फरकही साधारण १५ अंशांच्या हवेतला. आपल्या एप्रिलच्या ४५ अंशांत हवा विरळ होते आणि, फक्त तापमान धरलं तर, तो फरक ०.१६३ वरून ०.१४८ पर्यंत उतरतो. कॉलेजच्या ग्रेटिंगला हे दिसणार नाही.

भागाकार १.७६

सूर्याच्या पृष्ठभागाचं तापमान ५७७२ केल्विन. प्लँकच्या वक्राचं (तापलेली वस्तू कोणत्या रंगात किती ऊर्जा सोडते ते दाखवणाऱ्या) शिखर तरंगलांबीच्या अक्षावर काढलं तर ५०२ नॅनोमीटरला येतं. वारंवारतेच्या अक्षावर काढलं तर ३.३९ × १०^१४ हर्ट्झला, आणि त्याचं रूपांतर केलं की ८८३ नॅनोमीटर. एक हिरव्यात, दुसरं डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्तात.

इथे रूपांतरात कुठेही चूक नाही. पहिला वक्र 'दर नॅनोमीटरमागे किती ऊर्जा' हे सांगतो, दुसरा 'दर हर्ट्झमागे किती'. समान रुंदीचे नॅनोमीटर हे समान रुंदीचे हर्ट्झ नसतात. सोडियमच्या दोन रेषांना जे झालं तेच इथे पूर्ण वक्राला होतं. अक्ष बदलला की प्रत्येक बिंदूची उंची प्रकाशवेग भागिले तरंगलांबीचा वर्ग या पटीने बदलते आणि शिखर सरकतं. काळ्या वस्तूचं तापमान कितीही असो, हा भागाकार १.७६ च राहतो. प्रश्नात 'शिखर' एवढंच लिहून अक्ष सांगितला नसेल, तर वीनच्या नियमातल्या २.८९८ मिलिमीटर-केल्विनला तापमानाने भागून तरंगलांबीचं शिखर काढा आणि कोणता अक्ष धरला ते उत्तराशेजारी लिहा. तपासणाऱ्याकडे ८८३ छापलेलं असलं तरी त्याने तुमचे गुण कापू नयेत.